फोटोत एक, पार्सलमध्ये भलतेच! 'नो रिटर्न' लिहिले असले तरी पैसे परत मिळतात का?

अ‍ॅपवर 'शुद्ध रेशमी पैठणी' असे लिहिलेले असते आणि पार्सलमधून निघते पॉलिस्टरची साडी. रिटर्नचे बटण शोधायला जावे, तर तिथे एक ओळ दिसते : 'या वस्तूवर रिटर्न लागू नाही'. अनेक ग्राहक इथेच थांबतात. अडीच-तीन हजारांसाठी कोण भांडत बसणार, असे म्हणून साडी कपाटात जाते आणि विषय संपतो.

कायद्याच्या दृष्टीने मात्र विषय तिथे संपत नाही. मागवलेली वस्तू 'आवडली नाही' आणि ती 'सांगितली तशी नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत ग्राहक कंपनीच्या धोरणावर अवलंबून असतो. दुसरीत त्याच्या बाजूने केंद्र सरकारचा नियम उभा आहे. अडचण एवढीच, की आपली तक्रार दुसऱ्या प्रकारातली आहे हे ग्राहकाला दाखवून द्यावे लागते आणि त्याचे पुरावे पहिल्या दोन दिवसांतच गोळा करावे लागतात. ते कसे करायचे आणि नकार मिळाल्यास पुढे कुठे जायचे, ते पाहू.

नियम नेमका काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुन्या १९८६ च्या कायद्याच्या जागी आला आणि त्याच्या प्रमुख तरतुदी २० जुलै २०२० पासून लागू झाल्या. पाठोपाठ २३ जुलै २०२० रोजी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम अधिसूचित झाले. ऑनलाइन खरेदीच्या बाबतीत यातला नियम ६ महत्त्वाचा आहे.

ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकणारा विक्रेता काही परिस्थितींत वस्तू परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देऊ शकत नाही, असे हा नियम सांगतो. त्या परिस्थिती अशा :

- वस्तू सदोष, कमतरता असलेली किंवा बनावट असेल,
- जाहिरातीत सांगितलेले किंवा ठरलेले गुण आणि वैशिष्ट्ये वस्तूत नसतील,
- सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोहोचली असेल (नैसर्गिक आपत्तीसारखी कारणे वगळून).

यातला दुसरा मुद्दा म्हणजेच आपला विषय. 'रेशमी' सांगून पॉलिस्टर, '४के' सांगून साधा एचडी टीव्ही, 'नवा' सांगून दुरुस्त केलेला जुना फोन हे सगळे त्यात येते.

विक्रेता आणि अ‍ॅप या दोघांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या आहेत. बाजारपेठ चालवणारी कंपनी 'आम्ही फक्त मध्यस्थ' अशी भूमिका अनेकदा घेते. त्यावर नियम ५ म्हणतो, की वस्तूचे वर्णन, फोटो आणि बाकी मजकूर प्रत्यक्ष वस्तूशी जुळेल, असे हमीपत्र कंपनीने विक्रेत्याकडून घ्यायलाच हवे. विक्रेत्याचे व्यावसायिक नाव, पत्ता आणि ग्राहक सेवा क्रमांक ग्राहकाला दिसले पाहिजेत. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळाला पाहिजे, म्हणजे तिचे पुढे काय झाले ते पाहता येते.

मग 'नो रिटर्न'ला काही अर्थच नाही?

अर्थ आहे, पण मर्यादित. रंग आवडला नाही, घरच्यांना पसंत पडली नाही, दुसरीकडे स्वस्त मिळाली अशा कारणांसाठी वस्तू परत घ्यायची की नाही, हे विक्रेता ठरवू शकतो. मन बदलले म्हणून ऑनलाइन खरेदी रद्द करण्याचा सरसकट हक्क भारतीय ग्राहकाला कायद्याने दिलेला नाही. सात किंवा दहा दिवसांची रिटर्न मुदत ही कंपनीने दिलेली सोय आहे.

वर्णनच खोटे असेल तर मात्र धोरणातली एक ओळ नियमापेक्षा मोठी ठरत नाही. सदोष माल परत न घेणे आणि बिलावर लिहिलेल्या मुदतीत, तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणे याला २०१९ च्या कायद्याने 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हटले आहे.

'एवढ्या कमी किमतीत खरी पैठणी येते का?' असा उलटा प्रश्नही ग्राहकाला ऐकावा लागतो. हातमागावरची अस्सल रेशमी पैठणी अडीच-तीन हजारांत मिळत नाही, हे खरेच. म्हणून खरेदीपूर्वी सावध राहावे. पण किंमत कमी आहे म्हणून खोटे वर्णन लिहिण्याची मुभा विक्रेत्याला मिळत नाही.

तक्रार पक्की आहे की गैरसमज, हे कसे ओळखायचे?

तक्रार करण्याआधी वर्णन पुन्हा एकदा शब्दशः वाचावे. काही वेळा फसवणूक असते, काही वेळा आकड्यांचा खेळ असतो.

साडी : 'प्युअर सिल्क' आणि 'आर्ट सिल्क' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'आर्ट' म्हणजे इथे कला नव्हे, तर 'आर्टिफिशियल', म्हणजे कृत्रिम रेशीम. वर्णनात कुठेतरी खाली 'आर्ट सिल्क' लिहिलेले असेल आणि शीर्षकात 'प्युअर सिल्क', तर दोन्हींचे स्क्रीनशॉट घ्यावेत. वर्णनच परस्परविरोधी आहे, हे त्यातून दिसते. शुद्ध रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाचा 'सिल्क मार्क' असतो. वर्णनात त्याचा उल्लेख असेल आणि साडीवर लेबल नसेल, तर तोही पुरावा आहे.

बिलावरचा एचएसएन कोड : याकडे फार कमी लोक पाहतात. जीएसटीच्या अनेक बिलांवर वस्तूपुढे हा आकडा छापलेला असतो. रेशमी विणलेल्या कापडासाठी तो ५००७ ने सुरू होतो आणि पॉलिस्टरसारख्या कृत्रिम तंतूंपासून विणलेल्या कापडासाठी ५४०७ ने. अ‍ॅपवर 'शुद्ध रेशीम' आणि बिलावर ५४०७ असेल, तर विक्रेत्याने स्वतःच कागदावर कबुली दिल्यासारखे आहे.

पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क : १ टीबीची डिस्क विंडोजच्या संगणकावर सुमारे ९३१ जीबी दिसते. ही फसवणूक नाही. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. याउलट काही स्वस्त '२ टीबी' पेन ड्राइव्हमध्ये प्रत्यक्षात ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते, पण संगणकाला ती २ टीबी असल्याचे भासवलेले असते. खरी क्षमता संपली की नव्या फाइल खराब होतात किंवा जुन्या पुसल्या जातात. पूर्ण क्षमतेपर्यंत माहिती लिहून आणि पुन्हा वाचून तपासणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. त्यांच्या निकालाचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडता येतो.

पॉवर बँक : २०,००० एमएएचची पॉवर बँक फोनला २०,००० एमएएच देत नाही. आतल्या बॅटरीचा दाब साधारण ३.७ व्होल्ट असतो आणि यूएसबीतून ५ व्होल्ट बाहेर पडतात. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-अवर. तीच ऊर्जा ५ व्होल्टवर मोजली तर १४,८०० एमएएच होते. उष्णतेत जाणारा भाग वजा केला की आकडा आणखी खाली येतो. त्यामुळे बारा-तेरा हजार मिळत असतील तर तक्रारीला आधार नाही. पाच हजारच मिळत असतील तर आहे.

टीव्ही आणि प्रोजेक्टर : '४के सपोर्ट' याचा अर्थ यंत्र ४के दर्जाचा व्हिडिओ स्वीकारते एवढाच असू शकतो. पडद्याचा स्वतःचा दर्जा 'नेटिव्ह रिझोल्यूशन' या ओळीत दिलेला असतो. ४केसाठी तो ३८४० गुणिले २१६० हवा.

पार्सल आल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय करायचे?

ग्राहकाचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे वस्तूचे वर्णन. नेमका तोच त्याच्या ताब्यात नसतो. विक्रेता ते पान बदलू शकतो किंवा काढून टाकू शकतो. तक्रार गेल्यानंतर 'प्युअर सिल्क'चे 'सिल्क ब्लेंड' झाले, तर आधी काय लिहिले होते हे ग्राहक कसे दाखवणार? म्हणून वस्तू वेगळी निघाल्याचे लक्षात येताच, कॉल सेंटरला फोन लावण्याच्या आधी, पुढील गोष्टी जमवाव्यात :

१. वस्तूच्या पानाचे वरपासून खालपर्यंत स्क्रीनशॉट. शीर्षक, फोटो, किंमत, 'तपशील' हा भाग आणि विक्रेत्याचे नाव त्यात दिसायला हवे.
२. ऑर्डर क्रमांक आणि तारीख दिसणारा स्क्रीनशॉट, शिवाय डाउनलोड केलेले बिल.
३. पार्सलवरच्या लेबलचा फोटो. त्यावर ट्रॅकिंग क्रमांक आणि पाठवणाऱ्याचा पत्ता असतो.
४. वस्तूचे फोटो : टॅग, लेबल, मॉडेल क्रमांक आणि वर्णनापेक्षा वेगळा असलेला भाग जवळून.
५. पैसे भरल्याची नोंद. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर पैसे दिल्याचा संदेश किंवा पावती.

पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ असेल तर उत्तमच. मोबाइलसारख्या महाग वस्तूंसाठी तो काढावाच. मात्र व्हिडिओ नाही म्हणून हक्कच नाही, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. ई-कॉमर्स नियमांत अशी अट नाही. 'ओपन बॉक्स डिलिव्हरी'चा पर्याय असेल तर तो निवडावा. त्यात डिलिव्हरी करणाऱ्यासमोरच खोका उघडून पाहता येतो आणि वस्तू पाहूनच ओटीपी देता येतो.

या काळात टॅग काढू नये, साडी धुवू नये, फॉल-पिको करू नये. धागा जाळून पाहण्याचा मोह आवरावा. वापरलेली किंवा खराब केलेली वस्तू म्हणून नकार देण्याचे आयते कारण त्यातून मिळते.

रिटर्नचे कारण निवडताना काय चुकते?

अ‍ॅपवर कारणांची यादी समोर येते आणि घाईत 'आता नको आहे' किंवा 'आवडले नाही' यावर बोट पडते. पुढे वाद झाला, तर हीच नोंद ग्राहकाच्या विरोधात जाते, कारण त्याने स्वतःच मन बदलल्याचे सांगितलेले असते. 'वर्णनाशी जुळत नाही', 'चुकीची वस्तू मिळाली' किंवा 'बनावट वस्तू' यांपैकी खरे असेल तेच कारण निवडावे.

रिटर्नचा पर्यायच दिसत नसेल तर चॅट किंवा ई-मेलने लेखी तक्रार करावी. फोनवर बोलणे झाले असेल तर त्याचा सारांश त्याच दिवशी ई-मेलने पाठवावा. वस्तू घ्यायला माणूस आला, तर ती देण्यापूर्वी फोटो काढावा आणि पिकअपची पावती किंवा संदेश जपून ठेवावा. 'तपासणीत वस्तू वेगळी आढळली' असे सांगून रिफंड अडवला गेला, तर हेच कागद कामी येतात.

बदलून तशीच दुसरी वस्तू देण्याचा प्रस्ताव आला तर विचार करून हो म्हणावे. एका साडीत दोष असेल तर बदलून घेण्यात अर्थ आहे. वर्णनच खोटे असेल तर दुसरी साडीही पॉलिस्टरचीच येणार. अशा वेळी 'बदली नको, रिफंड हवा' असे लेखी कळवावे.

कंपनीने नकार दिला तर?

प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव, पद व संपर्क वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर द्यावा लागतो. ही माहिती बहुतेक वेळा अ‍ॅपच्या अगदी तळाशी असते. या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात ती निकाली काढायची, असा नियम आहे. कॉल सेंटरच्या संभाषणापेक्षा या ई-मेलला जास्त वजन असते, कारण त्यापासून मुदत मोजता येते.

तक्रार लांबलचक नको. पुढील मजकूर पुरेसा आहे :

*"ऑर्डर क्रमांक ___, दिनांक ___, किंमत ___ रुपये. वस्तूच्या वर्णनात 'शुद्ध रेशीम' असे नमूद होते (स्क्रीनशॉट १). मिळालेली साडी पॉलिस्टरची असून बिलावरील एचएसएन कोडही तेच दाखवतो (फोटो २ व ३). ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधील नियम ६ नुसार वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास नकार देता येत नाही. कृपया वस्तू परत नेऊन पूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा करावी. तक्रारीचा क्रमांक कळवावा."*

'मूळ खात्यात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. रिफंड म्हणून कूपन किंवा अ‍ॅपमधले क्रेडिट पुढे केले जाते. ते घ्यायचे की नाही, हे ग्राहकाने ठरवायचे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओला या टॅक्सी सेवेला, रिफंड बँक खात्यात हवा की कूपन, हे निवडण्याचा पर्याय ग्राहकाला द्यायला सांगितले होते. तोपर्यंत तिथे फक्त पुढच्या प्रवासाचे कूपन मिळत होते.

पैसे क्रेडिट किंवा डेबिट कार्डने भरले असतील तर आणखी एक वाट आहे. कार्ड देणाऱ्या बँकेकडे 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' या कारणाने चार्जबॅकची मागणी करता येते. त्याला मुदत असते, त्यामुळे कंपनीच्या उत्तराची वाट पाहत महिने घालवू नयेत.

१९१५ वर फोन केला की काय होते?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मोफत असून मराठीतही बोलता येते. ८८००००१९१५ या क्रमांकावर व्हॉट्सअ‍ॅपनेही तक्रार नोंदवता येते. शिवाय हेल्पलाइनची वेबसाइट आणि अ‍ॅप आहे. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो आणि ती संबंधित कंपनीकडे पाठवली जाते. मोठ्या कंपन्या या व्यवस्थेशी जोडलेल्या असल्याने, कॉल सेंटरवर आठवडाभर अडकलेला रिफंड इथून सुटण्याची शक्यता असते.

मात्र हेल्पलाइन हे न्यायालय नाही. ती कंपनीला आदेश देऊ शकत नाही. केंद्रीय प्राधिकरणाचे कामही वेगळे आहे. एकाच प्रकारे अनेक ग्राहकांची दिशाभूल होत असेल तर ते हस्तक्षेप करते. अयोध्येतील राम मंदिराचा प्रसाद म्हणून मिठाई विकली जात असल्याच्या तक्रारीवरून जानेवारी २०२४ मध्ये प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉनला नोटीस बजावली होती. एखाद्या ग्राहकाच्या स्वतःच्या पैशांसाठी मात्र ग्राहक आयोगाचे दार ठोठवावे लागते.

ग्राहक आयोगात जायला किती खर्च येतो?

वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. वकील सक्तीचा नाही. कंपनीचे कार्यालय बंगळुरूत आणि विक्रेता सुरतमध्ये असला, तरी ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. लातूरच्या ग्राहकाला लातूर सोडावे लागत नाही. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही मोठी सोय आहे.

तक्रार 'ई-जागृती' या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते. सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडायचे असतात. विक्रेता आणि बाजारपेठ चालवणारी कंपनी या दोघांनाही प्रतिवादी करावे. जबाबदारी कोणाची किती, हे मग आयोग ठरवतो. किमतीबरोबर व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही मागता येतो. साडी खरोखर रेशमी आहे का, असा वाद असेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

तक्रार शक्यतो तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेची चाचणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ लागू शकतो. त्यामुळे आठशे रुपयांच्या वस्तूसाठी आयोगात जायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल आणि १९१५ वर नोंद, एवढे तरी कोणत्याही रकमेसाठी करता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

हे नियम कुठे लागू होत नाहीत?

एखाद्या व्यक्तीने स्वतःचा वापरलेला फोन ऑनलाइन विकला, तर तो व्यवहार ई-कॉमर्स नियमांत येत नाही. नियमितपणे धंदा म्हणून विकणाऱ्यांना ते लागू होतात. इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून साड्या विकणारे व्यावसायिकही त्यातून सुटत नाहीत. मात्र त्यांचा पत्ता आणि बिल नसेल तर तक्रार कोणाविरुद्ध करायची, असा प्रश्न उभा राहतो. म्हणून अशा ठिकाणी पैसे पाठवण्यापूर्वी दुकानाचे नाव, पत्ता आणि बिल मिळेल का, हे विचारून घ्यावे. दुकानात पुन्हा विकण्यासाठी घेतलेला माल 'व्यावसायिक हेतू'त मोडतो आणि त्याची खरेदी करणारा कायद्याने 'ग्राहक' ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना मात्र सवलत आहे.

रिफंडच्या नावाखाली होणारी फसवणूक

चिडलेला ग्राहक गुगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधतो आणि भामट्यांच्या जाळ्यात सापडतो. साडीचे अडीच हजार परत मिळवायला जावे आणि खाते रिकामे व्हावे, असे घडू शकते. संपर्क क्रमांक फक्त कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्यावा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. स्क्रीन शेअर करणारे अ‍ॅप टाकायला सांगितले की फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

किती दिवसांत तक्रार करायची?

आयोगात जाण्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे मागच्या दिवाळीत आलेली आणि कंटाळून कपाटात ठेवलेली साडीही अजून मुदतीत असू शकते. बिल ई-मेलमध्ये आणि ऑर्डर अ‍ॅपच्या इतिहासात सापडते का, ते आधी पाहावे. सापडले आणि वस्तूचे पान अजून उघडत असेल, तर पहिले काम एकच : त्या पानाचा स्क्रीनशॉट.